बटन, नाव नाही

माणसं लिंबाच्या सावलीत बसतात,
नंबर चपला लावतात.
साकोलीच्या रस्त्यावर माझं सेवा केंद्र :
तीन खुर्च्या, एक प्रिंटर,
आणि लाइन असेल तेवढा वेळ मी.

त्या दिवशी यादोराव नागपुरे आले, काठी भिंतीला टेकवून बसले.
बांबूकामाच्या सोसायटीचं पान मीच बनवलेलं,
तीन रात्री जागून.
हिरव्यावर पिवळी अक्षरं. सगळे म्हणाले, झकास.
नातवानं त्यांचा फोन बोलता करून दिला होता,
काचेवर बोट जिथं जाईल तिथलं फोन सांगायचा.

बोट माझ्या पानावर आलं.
"बटन," फोन म्हणाला.
"बटन. बटन. चित्र, आयएमजी शून्य सात एकोणीस.
बटन."

यादोराव हसले, पान खाल्लेल्या तोंडानं, सावकाश.
"बाई, तुह्या घराले भिताडच भिताड आहे.
दार कोठी ठेवलं?"

मी म्हटलं, बाबा, दिसतं ना ते, वर, उजवीकडे…
आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत. पिशवीतून टोपली काढली.
माझा हात धरून काठावर फिरवला,
गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एक गाठ.
"हे तोंड. कोठीच्या खोलीत दिवा नसते.
अंधारात बाईले समजलं पायजे
टोपली कोन्या बाजूनं धरायची.
माहे डोरे होते तवापासून बांधतो मी हे गाठ.
आंधरा झालो म्हणून नाही."

दुपारी शटर अर्धं ओढून मी गाठी बांधत बसले.
हे बटन : ऑर्डर द्या.
हे : भाव पाहा.
हे : मागे जा. मागे जायलाही नाव लागतं,
मला माहीतच नव्हतं.
पिवळी अक्षरं पुसून काळी केली.
विणकामाचा व्हिडिओ होता, त्याखाली बोलणं लिहून काढलं,
सुताराच्या रोशनला ऐकू येत नाही.
तो दोनदा पाहून गेला, तिसऱ्यांदा
बोट दाखवून हसला :
"कामटी"ची मी "कामठी" केली होती.

चित्रापाशी अडले.
सुपाचा फोटो, काठाला लाल दोरा.
लिहिलं : सूप, नवं, हातभर रुंद.
लाल लिहू की नको? ज्याला दिसत नाही त्याला लाल कशाला?
फोन लावून विचारलं.
पलीकडे खूप वेळ फक्त बांबू सोलल्याचा आवाज.
मग : "लेह. लाल लेह.
चाळीस वर्सं पाह्यलं मी लाल.
तू नाही लेहलं त जाईन ना ते."

सगळं जमलं असं नाही.
नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्याला आले.
मशीननं चेहऱ्याभोवती गोल काढला आणि लिहिलं :
डोळे मिचकवा.
मी वाचलं नाही. फोननं वाचलं, मोठ्यानं,
बसलेल्या अकरा माणसांसमोर.
यादोरावांनी पापण्या हलवल्या,
खाली काहीच नाही, दोन खड्डे.
पुन्हा मिचकवा.
पुन्हा.
जिवंत असल्याचं सिद्ध झालं नाही.
"मंग मेलो का बाई मी?" त्यांनी विचारलं,
आणि रांगेत कोणी हसलं नाही.

ते पान माझं नव्हतं. तिथं माझा हात पोचत नाही.
तक्रार करायला गेले तर पान म्हणालं :
आधी वेडीवाकडी अक्षरं ओळखा.
मी ओळखली. मला दिसतात.
अर्ज गेला. उत्तर यायचं आहे.
तोवर दर सोमवारी मी पुन्हा लिहिते,
त्यांच्या बोटाचा ठसा तहसीलला नेते,
कारकुनाला सांगते, माणूस बाहेर बसला आहे, पान खातो आहे.

टोपली त्यांनी परत नेली नाही.
काउंटरवर असते, पावत्या टाकायला.
काल संध्याकाळी लाइन गेली,
इन्व्हर्टरही बसला, गल्लीत कुट्ट काळोख.
मेणबत्ती शोधताना हात टोपलीवर पडला,
काठाकाठानं सरकला,
आणि थांबला.