चौदावा चौकोन

रिसेप्शनच्या भिंतीवर सतरा चौकोन, सतरा रंग.
दोन हजार तीसपर्यंत जगाचं जे काही भलं व्हायचंय
ते सगळं एका फ्रेमीत.
फरशी पुसणारी कौसाबाई त्याला लुडो म्हणते.

माझी खोली मागं, शेवटच्या टाकीपाशी.
पीएच बघते, आकडे लिहिते.
वाळूजला अकरा वर्षं झाली, रंगाच्या कारखान्यात;
नाक आता सुटीच्या दिवशीच काम करतं.

चौदावा चौकोन निळा. पाण्याखालचं जीवन.
समुद्र इथून एक रात्र एसटीनं.
आमच्याकडे पाण्याखालचं जीवन म्हणजे
आउटलेटच्या पाण्यावर चालणारी ही काचेची पेटी,
आत चार मासे.
पाहुणे आले की साहेब काचेवर टिचकी मारतात:
"बघा, जिवंत आहेत."

असतातच. कारण आदल्या संध्याकाळी
तय्यब पैठण गेटहून नवे आणतो.
व्हाउचरवर लिहितो, प्रयोगशाळा साहित्य, नग चार.
जुन्यांचं काय करतो, मी कधी विचारलं नाही.
रजिस्टरला तसा रकानाच नाही.

पाण्याला रकाने कळत नाहीत.
नाल्यातून खाम, खाममधून नाथसागर,
नाथसागरातून आठव्या दिवशी
आमच्याच नळाला.
माझी वेदिका ते बाटलीत भरून शाळेत नेते.

परवा जर्मनीचे खरेदीदार यायचे होते.
तय्यब आला, हातात फुगलेली पिशवी, आत चार लाल ठिपके.
पेटीत तीन आडवे.
चौथा वर तोंड लावून,
कुणाचं तरी दार वाजवत असल्यासारखा.

म्हटलं, राहू दे.
"मॅडम, साहेब बोंबलतील ना."
बोंबलू देत. हे चार कॅन्टीनच्या बादलीत सोड.

त्या बाईंनी वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पाहिलं.
टिचकी कुणीच मारली नाही.
त्यांनी एवढंच विचारलं, हवा कुठून येते?
आणि सगळ्यांच्या माना वळल्या
त्या दोन वर्षं बंद पडलेल्या ब्लोअरकडे,
ज्याच्यावर माझा डबा ठेवलेला होता.

मला मेमो आला. ब्लोअरला नवा पट्टा आला.
दोन्ही एकाच दिवशी, एकाच शिपायाच्या हातून.

मी पट्टीनं रेघ मारून रजिस्टरला रकाना वाढवलाय: मेले.
चौथा अजून त्यात गेलेला नाही.
बादलीतले चार तय्यबच्या पोरानं घरी नेले;
त्यांचं व्हाउचर मात्र
अकाउंट्सला अडकलंय.
विचारतात, साहित्य वापरलं का नाही?