टक्

गावाचं नाव आहो,
कुणाला हाक मारून पुढचं विसरल्यासारखं.
ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात जूनमध्ये
आईचा खिडकीतला थर्मामीटर एकशे चौदावर जायचा,
आणि बाबांची सदुसष्टची पॉन्टियाक, शेवाळी रंगाची,
जी सकाळी एका चावीत बोलायची,
दुपारी मुकी व्हायची.

चावी फिरवली की फक्त टक्.
एकच. दातावर नख आपटावं तसा.
मग बॉनेट उघडं टाकून बसायचं,
तापकऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढल्यासारखं,
चाळीस मिनिटं, कधी तासभर.

म्हणून बाबांनी उपाय काढला :
इंजिन बंदच करायचं नाही.
पोस्टात गेले, गाडी बाहेर घुरघुरत.
न्हाव्याकडे अर्धी दाढी, कान रस्त्याला.
माझ्या लग्नात फादर ओचोआंनी मला विचारलं,
आणि माझ्याआधी दारातले आठ सिलिंडर हो म्हणाले.
आजोबांना मातीत उतरवलं
तेव्हाही ती कुंपणाशी उभी, थरथरत,
मोठ्यानं रडणारी तेवढी एकच नातेवाईक.

अकरा उन्हाळे.
तीन स्टार्टर बदलून झाले :
एक टूसॉनहून, एक मेव्हण्याच्या भंगारातून,
एक कोरा, खोक्यातला.
एक्झॉस्टला पट्ट्या गुंडाळल्या, जळक्या हाताला गुंडाळतात तशा.
सोलेनॉइडवर ओला टॉवेल. हातोडीचे टोले. शिव्या, दोन भाषांत.
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

विल्मा अँटोन आली ती भर दुपारी, मुद्दाम.
'दुखत असतानाच दाखवायचं असतं,' म्हणाली.
तिच्याकडे काट्याचा जुना मीटर, काचेला तडा गेलेला.
एक टोक बॅटरीच्या उण्यावर,
दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
'फिरवा.'
टक्.
काटा झोपून राहायला हवा होता. उठून दोनावर गेला.

'जायला वाट आहे,' ती म्हणाली, 'परत यायला नाही.
थंड असताना कसंबसं भागतं.
तापल्यावर स्टार्टर जास्त मागतो,
आणि ही तार देत नाही.'

तिनं अर्थिंगचा बोल्ट काढला.
खाली रंग. निळा, गुळगुळीत, दोन हात दिलेला.
'इथं कुणी रंगवलं?'

बाबांनी टोपी काढली, परत घातली.
'मीच,' म्हणाले. 'इंजिन उतरवलं होतं तेव्हा.
म्हटलं, छान दिसावं.'

ती हसली नाही, हे मला आवडलं.
पातं घेऊन रुपयाएवढी जागा खरवडली
चकाकेपर्यंत,
आणि अंगठ्याएवढी जाड नवी केबल आवळली.
चावीच्या वाटेवर एक छोटा रिले,
एक्झॉस्ट आणि सोलेनॉइडच्या मध्ये पत्रा,
भांडणाऱ्या दोघांत तिसऱ्यानं बसावं तसा.

बावीस वर्षं बाबांनी या गावच्या खाणीत तांबं उकरलं.
गाडी अडली होती
दीड फूट तांब्यावाचून.
हे मी बोलले नाही. त्यांनी स्वतःच मोजलं असणार,
कारण जुनी तार त्यांनी फेकली नाही,
खिशात घातली.

तीन वाजता आम्ही खाणीच्या काठावर गेलो.
ते विवर, आता कुणाचंच नसलेलं,
तळाशी हिरवं पाणी.
बाबांनी चावी उलटी फिरवली,
आणि सगळं थांबलं.

बॉनेटखाली धातू निवत होता. टक्.
बऱ्याच वेळानं, टक्.
हा आवाज वेगळा होता.

मग बाबा बोलले, आणि मी दचकले.
अकरा वर्षं ते इंजिनावरून ओरडत आले होते;
त्यांचा आवाज इतका बारीक आहे
हे मी विसरूनच गेले होते.

'ती तिसरी पायरी दिसते का?' त्यांनी विचारलं.
'तिथं आम्ही डबा खायचो.'

मला पायरी काही दिसली नाही.
मी हो म्हटलं.
चावी त्यांच्या मुठीत तशीच राहिली, गरम,
आणि परत निघायची घाई कुणालाच नव्हती.