बर्फाची ओळ

रात्री अकराला पोतीच्या बंदरात
कुठल्याशा जहाजाच्या नांगरानं दोन केबलींपैकी एक तोडली
आणि दोघींचा उजेड एकीवर आला.
नोडवर मी एकटी. शेगडी, चहा,
खुंटीला केतेवान विसरून गेलेली छत्री.

उजेडाला बसा म्हणता येत नाही.
थांबला तो संपला, हे माणसांपेक्षा
त्यालाच जास्त लागू आहे.
एकाच रंगाचे दोन झोत एकाच क्षणी एका दारात आले
की एकाचा रंग बदलून बघायचा.
रंग शिल्लक नसेल तर कपाटातल्या रिळात सोडायचा :
दोन किलोमीटर काच, गुंडाळलेली.
गोल गोल फिरून बाहेर यायला त्याला
सेकंदाचा लाखावा हिस्सा लागतो.
एवढंच आमचं "जरा थांबा".
तेही भरलं तर वाट वाकडी करायची,
बटुमीवरून, कुताइसीवरून, कुठूनही.
नाहीच जमलं तर
टाकून द्यायचा.
आवाज होत नाही. पडद्यावर एक आकडा वाढतो.

कुणाला टाकायचं ते तक्त्यात आहे.
पंक्तिप्रपंचच, पण लेखी.
पहिल्या वर्गाची वर्दी आधी पोचते, झोत मागून,
तोवर दार त्याच्या नावानं राखलेलं.
तिसऱ्या वर्गातले सगळे आगंतुक.

पहिल्यात रुग्णालयं, बंदराचं रडार, दोन बँका
आणि एक ओळ, जिच्यापुढे कारण लिहिलेलं नाही :
वर स्वानेतीत खांबावर बसवलेली मोजपट्टी.
तासाला एक आकडा, बर्फाची खोली.
तक्ता ओतियाचा. तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
मी एकदा फोन करून विचारलं, ही ओळ का?
"तिथं बर्फ पडतो," म्हणाला.
मग बराच वेळ गप्प. मग
यंदा संत्री लवकर पिकली, असं काहीतरी.

साडेबाराला मामुकाचा निरोप : पहिला वर्ग हलका कर.
तिसरा तर केव्हाच सांडत होता,
लग्नांचे व्हिडिओ, कुणाचं अर्धं राहिलेलं "ऐकू येतं—"
बोट त्या ओळीवर गेलं.
चाळीस अक्षरांचा ऐवज.
काढून फरक पडला नसता,
ठेवूनही.
मी एक बँक खाली उतरवली.

एकला आकडा आला : दोनशे अकरा.
दोनला दोनशे तीस.
चहावर साय धरली होती.
तीनला चार मिनिटं कमी होती
आणि दार राखलेलं होतं.