लिटरमागं

डायरीच्या डाव्या पानावर गायी,
उजव्या पानावर पेट्रोल.
डावीकडं : वलांडी, शेवेरा, दुसरं वेत, पहाटे माजावर.
उजवीकडं : टाकी फुल ते टाकी फुल,
तीनशे दहा किलोमीटर, पाच लिटर.
बासष्ट.

बासष्ट म्हणजे हवा बरोबर, प्लग कोरडा,
चेन ना ढिली ना ताठ,
आणि मागच्या कॅरिअरवर नायट्रोजनचं कॅन
लेकरू बांधावं तसं धोतराच्या पट्टीनं बांधलेलं.

मग पुण्याहून शिवकांत आला, बहिणीचा पोरगा.
म्हणाला, मामा, ही गाडी आहे का खेचर?
पंधरा दिवस राहिला, तिला सजवून गेला.
मागं रुंद टायर, पुढं लोखंडी गार्ड,
फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर,
त्याला पुरावा म्हणून कार्बोरेटरला मोठा जेट,
आणि सायलेन्सर असा
की मी शिवेवर असतानाच तोंडारच्या म्हशी
दावं तोडायला बघत.
बुजलेल्या जनावराला काय भरवणार?

एकेचाळीस.

उदगीरला मुनीर मिस्त्रीनं नुसता कान लावला.
उघड्या तोंडानं पळतंय बिचारं, म्हणाला,
काळ्या रानाची धूळ गिळतंय,
आणि भूक तुम्हीच वाढवून ठेवलीय.
एकेक उतरवलं. गार्ड राहू दिलं,
आमच्याकडं कुत्री फार.

एक बदल मात्र माझ्या मनचा :
पुढच्या स्प्रॉकेटला एक दात जास्त.
सपाटीला एंजिन कसं निवांत, चौसष्ट.
चढाला मात्र ढेकर देती, तिसरा टाकावा लागतो.
मुनीर हसतो. हसू दे.

कमलनगरला पेट्रोल स्वस्त, सगळे सांगतात.
जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर.
पाच लिटरमागं वाचले दहा, वाटेत जळाले चव्वेचाळीस.
तरी लोक जातात.
मीही गेलो होतो एकदा.

चाळीस-पंचेचाळीसला गाडी सगळ्यात कमी पिती,
हे मला पाठ आहे.
पण माज मला विचारून येत नाही.
पहाटे हंबरली तर दिवस मावळायच्या आत पोचायचं,
आणि फोन येतो दुपारी चारला,
कारण मालकीण दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली.
मग कुठलं चाळीस.

बोरोळच्या जनकाबाईची गाय दोनदा उलटली.
उलटलेल्या गायीच्या फेरीचे पैसे मी घेत नाही,
पेट्रोल मात्र घेतं.
तिसऱ्या वेळी रस्ता उकरलेला, मुरूम ओला,
मावळतीचा वारा थेट छातीवर.
सात किलोमीटर पहिल्या गिअरवर.
मडगार्डात माती दाटून चाकच फिरेना,
काडीनं उकरायचं, दहा पावलं,
पुन्हा उकरायचं.
कॅन एका हातानं सावरत मी गाडीला काय काय बोललो
ते डायरीत नाही.

गोठ्यात लाईट गेलेली.
जनकाबाईनं मोबाईल दातात धरला,
दोन्ही हातांनी गाय धरली.
कांडी कोमट पाण्यात, मग माझ्या शर्टाच्या आत,
आणि त्या हलत्या उजेडात
जे करायचं ते केलं.
ती काही म्हणाली, मोबाईलमुळं कळलं नाही.
भाकरी खाऊन जा असं असावं.

अडतीस.
मुनीरला पान दाखवलं तसा म्हणाला,
कार्बोरेटर खोलू का?
नको म्हणलं.
कामून?
उगं.

काल फोन आला. कालवड.
वानेरा, तोंडाला दोन्हीकडून काळं, बाकी पांढरीफेक.
डाव्या पानावर लिहिलं.
मागं जाऊन अडतीसचं पान काढलं,
पेन धरून बराच वेळ बसलो,
समोरच्या रकान्यात काय टाकावं सुचेना.
शेवटी लिहिलं :
आईल बदली करणे.