निशाणी क्रमांक एकतीस

जिंतूरला सहा ब्लाऊज पोचवायचे होते,
नवरीचे दोन, करवल्यांचे चार.
भाच्याच्या गाडीत मी मागं, पिशवी मांडीवर.
देवगाव फाट्यापाशी टेम्पो आला
तो त्याच्या बाजूनं नाही, आमच्या बाजूनं आला.
पुढचं मला फक्त काचेच्या आवाजानं आठवतं.

ब्लाऊज वाचले.
उजव्या हाताचा अंगठा अस्तराच्या कापडात गुंडाळून
परभणीला नेला.
डॉक्टर म्हणले, बसेल, पण वळणार नाही.
बसला. वळत नाही.

सिव्हिलचं सर्टिफिकेट आलं: अठरा टक्के.
मग उरलेला ब्याऐंशी टक्के हात
सुईत दोरा ओवताना
जातो कुठं?

कंपनीचा माणूस घरी येऊन गेला.
पंचेचाळीस हजार म्हणला, आत्ताच्या आत्ता,
नाहीतर झिजवा चपला चार वर्षं.
बोलताना चहाचा कप त्यानं मशीनच्या फळीवर ठेवला.
त्या फळीवर मी पाण्याचा थेंब पडू देत नव्हते.
नाही म्हणायला मला तेवढं पुरलं.

कोर्टात कळलं, मी शिंपीण नव्हतेच.
कागदावर मी गृहिणी.
परवाना? नाही. पासबुक? बचत गटाचं आहे.
इन्कम टॅक्स?
मी हसले, तेही लिहून घेतलं असेल.

माझ्याकडं वही होती.
दोनशे पानी, कव्हरवर मोर, मोराची मान फाटलेली.
छाती, कंबर, बाही, मुंढा,
मागचा गळा सात, नाडी लावायची,
कोपऱ्यात टाचणीनं कापडाची चिंधी.
आमचे लहाने वकील म्हणले, हीच द्या.
कारकुनानं मोरावर शिक्का मारला.
एकतीस.

कंपनीच्या वकिलानं पानं उलटली, रुपया शोधत.
मग मोठ्यानं वाचायला लागला:
आशामती घुगे, छाती अडतीस—
मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
ही मापं बायांनी मला दार लावून दिली होती.
कुणाला दिवस गेलेत, कोण वाळत चाललीय,
कुणाच्या दंडावर वळ आहेत म्हणून बाही लांब,
हे टेपला माहीत, मला माहीत.
मी पिंजऱ्यात उभी राहून म्हणलं,
साहेब, नावं नका वाचू.
पानं मोजा.

जज्जसाहेबांनी वही मागून घेतली.
बोटाला थुंकी लावून मोजायला लागले,
दिवाळीचा महिना, लग्नसराई, आखाड कोरडा.
पंखा फिरत होता, चिंध्या हलत होत्या.
लहाने वकिलांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं,
त्यांनी हातानंच थांबवलं.
भर उन्हाळ्यात एवढा वेळ
माझं काम कुणी बघत बसलं नव्हतं.

निकालात लिहिलं, दरमहा नऊ हजार.
आणि अंगठ्याबद्दल लिहिलं
की शिवणाऱ्या बाईचा अंगठा अठरा टक्के नसतो.
हे वाक्य मी लेकीकडून तीनदा वाचून घेतलं.
त्या सहा ब्लाऊजांच्या घड्यांत
काच निघत राहिली बरेच दिवस.
नवरीनं दुसरे शिवून घेतले, बरोबरच केलं,
कापडाचे पैसे मी भरले.
ते दाव्यात धरायचे राहून गेले.

कंपनी अपिलात गेलीय.
निम्मी रक्कम मिळाली, निम्मी अडकली,
आणि वही गेली औरंगाबादला,
खंडपीठाच्या कुठल्यातरी कपाटात.
सेलूच्या दीडशे बाया तिथं
दोऱ्यानं बांधून ठेवल्यात.

बाया येतात अजून. म्हणतात,
माझं माप हाय की तुझ्याकडं.
मी म्हणते, कोर्टाकडं हाय.
मग हसतो दोघी.
लेक टेप धरते, मी आकडा सांगते.
आशामती आता बेचाळीस भरली.
तिकडं कपाटात
अजून अडतीसच.