दोन हजार ठोके

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला
की पहिलं पाऊल पडायचं ते खिळ्यावर.
मोरीपर्यंत अकरा पावलं.
त्यातली सात मी चवड्यावर जायचो,
चोरासारखा, स्वतःच्याच घरात.

अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा,
तेलकट कोब्यावर, लोखंडाच्या किसात.
तेव्हा टाच कधी बोलली नाही.
रिटायर झालो, खुर्चीत बसलो,
आणि मग तिला तोंड फुटलं.

रुईचं पान तापल्या विटेवर ठेवून झालं.
गोठवलेली बाटली तळव्याखाली लाटून झाली.
एक इंजेक्शन झालं, ते दिवाळीपासून
जोतिबाच्या खेट्यांपर्यंत टिकलं.
मग पुन्हा तोच खिळा, त्याच भोकात.

राजारामपुरीत दवाखाना, दुसऱ्या मजल्यावर.
दुखऱ्या टाचांना बत्तीस पायऱ्या
ज्यानं ठरवल्या त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

डॉक्टरीण शिकलगार. तिशीची असेल.
अंगठ्यानं टाच दाबत दाबत गेली,
मी ओरडलो तिथं निळ्या पेनानं फुली मारली.
म्हटलं, आम्हीबी असंच करायचो,
ड्रिल लावायच्या आधी.

कोपऱ्यात यंत्र. तिनं बटण दाबलं
आणि मला हसू फुटलं.
काय झालं मुळीक काका?
अहो, कॉम्प्रेसर आहे की हा!
मागून हवा, नळीत छर्रा, पुढं ठोका.
मला काय सांगताय, ह्याच हवेवर पोट भरलंय.

गार जेल. मग टकटकटकटक,
पाऊण इंच जागेत दोन हजार.
पहिले दोनशे मोजले.
मग पंख्याची पाती मोजली,
मग भिंतीवरच्या पावलाच्या चित्रातली हाडं, सव्वीस,
मग काहीच मोजता आलं नाही.

दुखतं तिथंच का मारायचं? घाम पुसत विचारलं.
ती म्हणाली, जुनी इजा शरीर विसरून गेलंय.
दुरुस्ती अर्धी टाकून माणसं उठून गेलीत आतली.
थोडं नव्यानं दुखवलं की परत येतात कामावर.
आज गोळी घेऊ नका.

जिना उतरताना सातापा आठवला, फौंड्रीतला.
प्रत्येक कास्टिंगवर हातोडी मारून कान लावायचा,
आत तडा असला की आवाज बद्द यायचा.
माझ्या टाचेचा कसा येत होता,
विचारायचं राहिलंच.

तिसऱ्या बैठकीला विषय काढला:
शिकलगार म्हणजे तुम्ही धार लावणारे?
आजोबा लावायचे, म्हणाली.
सायकलवर चाक घेऊन वडणगे ते पाचगाव.
सायकल स्टँडवर चढवायची
आणि विळ्या, कोयते, न्हाव्याचे वस्तरे,
सगळ्यांना धार एकाच पायाच्या जोरावर.
रात्री आजी त्यांची टाच मांडीवर घ्यायची
आणि मुठीनं ठोकत राहायची
झोप लागेपर्यंत.

किती ठोके?

कुणी मोजले, ती म्हणाली,
आणि प्रेशर अर्ध्या बारनं वाढवलं.

पाच बैठका संपल्या.
फरक कळायला सहा आठवडे, कदाचित बारा.
काहींना पडत नाही, हेही तिनंच सांगितलं,
पैसे घ्यायच्या आधी. मला ते आवडलं.
कारखान्यात इतकं सरळ कोटेशन
क्वचित बघितलंय.

आज नववा आठवडा.
अकरातली तीन चवड्यावर.
बाकीची आठ टाच टेकून, धप् धप्,
फरशीला बऱ्याच दिवसांनी माझं वजन कळलं असणार.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज,
कोण हाय?
मीच, म्हटलं.
तिनं डोकावून आधी पाय बघितले, मग तोंड.
मग पिशवी पुढं केली:
उभंच हायसा तर दूध घेऊन या.