विनाकारण

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
या कोर्टाला पायरीच नाही.
पूर्वी इथं गालिच्यांचं दुकान होतं,
दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार आहे.
त्यावरून गेलो वर,
ल्युडमिलाच्या दफनासाठी घेतलेला सूट घालून,
बगलेत बरणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

शिपायानं ती उजेडाला धरली.
काय आहे?
पुरावा, म्हटलं.
आत काय आहे?
बीट.
त्यानं ती यंत्रातून पुन्हा एकदा फिरवून आणली.

पोलिसाच्या गुलाबी कागदावर लिहिलंय:
इमरिक हुदाक, वय चौऱ्याहत्तर,
अकरा मार्च, रात्री पावणेबारा,
मागच्या गल्लीत लोखंडी कचरापेटीपाशी
विनाकारण मोठा आवाज केला.
दंड दीडशे डॉलर, वर खर्च.
दीडशेचं काही नाही,
बर्फ उपसायच्या यंत्राच्या दुरुस्तीत याहून जास्त घातलेत.
पण तो शब्द.
सहा आठवडे दाढेखाली खडा.

म्हणून भाषण तयार केलं.
आधी आरशासमोर म्हणून पाहिलं,
मग फ्रिजसमोर, तो निदान मध्ये मध्ये घुरघुरतो:

महोदया, तळघरात एकशे अठरा बरण्या होत्या.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तिचं अक्षर.
काकडी, नव्याण्णव.
पीच, दोन हजार चार, फार गोड झालंय.
ती गेल्यावर चौदा महिने मी खाली उतरलो नाही.
उतरलो तेव्हा झाकणं फुगली होती.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, विष होतं त्याचं, फेका.
दिवसा फेकल्या असत्या
तर शेजारच्या बेव्हनबाईंनी कुंपणावरून विचारलं असतं,
मदत करू का?
हे कारण पहिलं.
पेटीत हळूच ठेवायच्या, असंच मनात होतं.
पहिली हातातून निसटली, फुटली,
आणि मला बरं वाटलं.
मग उरलेल्या मी निसटू दिल्या.
हे कारण दुसरं. शपथेवर सांगतो,
मुलीलाही सांगितलेलं नाही.

माझ्या आधी एलिएसेर नावाचा पोरगा होता.
लाँड्रीबाहेर मोठ्यानं गाणी लावली.
गुन्हा कबूल, म्हणाला, खिशातून वीसची नोट काढली,
बाकीचे महिन्याला वीस.
त्याला बसायलाही लागलं नाही.

मग माझं नाव.
मी वर्तमानपत्र सोडायला घेतलं.
न्यायाधीशबाईंनी खोलीभर नजर फिरवली.
अधिकारी क्लाइन?
क्लाइन कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलेला.
प्रकरण रद्द. जाऊ शकता तुम्ही.
पण बाई, मी अजून बोललोच नाही.
जिंकलात तुम्ही, मिस्टर हुदाक,
त्या म्हणाल्या, लिहिता लिहिता.
पुढचा.

बाहेर, बसच्या खांबाला टेकून एलिएसेर.
सुटलात?
सुटलो.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
सुटलेला माणूस असा दिसत नसावा.

ही एकच बरणी वाचली होती,
हिचं झाकण अजून आत बसलेलं.
पट्टीवर: बीट, इमरिकसाठी, मीठ कमी.
उघडायला गेलो तर बोटं ऐकेनात.
त्यानं हातातून घेतली, उलटी केली,
बुडावर तळव्यानं एक थापटी,
आणि पिळली.
टक्.
एवढाच आवाज.
व्हिनेगर, मागून लवंग.

खातात हे?
आमच्याकडे नाताळला.
त्यानं बोटानं एक फोड उचलली,
तोंड वाकडं केलं,
आणखी एक उचलली.
पावतीवर लाल ठिपका पडला, वीसच्या आकड्यावर,
तो त्यानं पँटला पुसला, जास्तच पसरला.

तुम्ही काय केलं होतं? त्यानं विचारलं.
त्याची बस यायला पंचवीस मिनिटं होती.